कुंदाताईंचे भुंगेरे

विरजण मागायला म्हणून मी पहिल्यांदा कुंदाताईंच्या दारात गेले आणि त्यांच्या अंगणातच ओकले. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही नुकतेच वरच्या मजल्यावर राहायला आलो होतो. त्या खाली एकट्याच राहत. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याचा डबा होता. डब्यात मेलेल्या मांजराचं डोकं. डोळ्यांच्या खोबणीतून काळे किडे आतबाहेर करत होते. त्याचा वास अंगणभर पसरला होता.

“किडे नाही, भुंगेरे,” मला पाण्याचा तांब्या देत त्या नागपुरी हेलात म्हणाल्या. “कमळावर बसते तो भुंगा. पाठीवर टणक कवच असते तो भुंगेरा. अन् दिवसभर डोकं खात राहते नं, आमच्या साहेबासारखं, तोही भुंगाच. पण त्याला डब्यात नाही ठेवता येत!”

कुंदाताई कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. मेलेल्या प्राण्यांचं वाळलेलं मांस भुंगेऱ्यांना खाऊ घालून त्या मुलांना शिकण्यासाठी सांगाडे तयार करत. मला त्याचं काय? उन्हाळ्यात तो वास जिन्यावरून वर येई आणि घास घशाखाली उतरत नसे. शेवटी मीच तिथल्या सरकारी भाषेत, हिंदीत, तक्रारअर्ज लिहिला, ‘ये घर में कीड़े पालती हैं’, आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. अर्ज त्यांना दाखवला, तर त्यांनी शांतपणे ‘कीड़े’ खोडून भुंगेऱ्यांचा हिंदी शब्द, ‘भृंग’, लिहिला. “कागद सरकारी आहे नं, शब्द बरोबर पाहिजे,” म्हणाल्या.

अर्जामुळे भुंगेऱ्यांचे डबे कॉलेजात हलवावे लागले. तिथे कुणीतरी ते उन्हात ठेवले आणि सगळे भुंगेरे मेले. हे त्यांनीच मला सांगितलं, भाजी निवडता निवडता. आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या सात वर्षांच्या मुक्ताच्या कानात काहीतरी शिरलं. ती किंचाळत भिंतीवर डोकं आपटत होती. मी टॉर्च धरला. आत काळं, चकचकीत काहीतरी वळवळत होतं. मला कोरडे उमासे येऊ लागले, हात पुढे होईना. आवाज ऐकून कुंदाताई धावत वर आल्या.

“काहून रडून राहिली माझी बाई? घाबरला तर तोही आहे.” त्यांनी मुक्ताचं डोकं मांडीवर घेतलं, कानात कोमट तेल सोडलं, आणि वळवळ थांबल्यावर चिमट्याने तो हळूहळू बाहेर ओढला. एक पाय आत राहिला, तोही काढला. मग तळहातावर घेऊन मुक्ताला दाखवला. “शेणातला भुंगेरा. रस्ता चुकला बिचारा.” लगेच डॉक्टरांकडेही त्याच घेऊन गेल्या, कान शाबूत होता.

वर्षभराने त्या निवृत्त होऊन नागपूरला निघाल्या. निरोप द्यायला मी खाली गेले. अर्जाबद्दल माफी मागायची होती. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि मला नको असताना तो डबा, ते डोकं आठवलं. मी हात झटकन मागे ओढला.

त्यांच्या ते लक्षात आलं. “राहू दे गं,” त्या म्हणाल्या. “किळस काही कोणाचं ऐकत नाही.”

त्यांची रिक्षा हबीबगंज स्टेशनकडे वळली. मी वर आले आणि साबण लावून हात धुतले, दोनदा. त्या धुण्याची मला अजून शिसारी येते.