लाल रुमालातला बंगला

कुणाच्याही घरात पाऊल टाकल्यावर यजमानांची खुशाली विचारण्याआधी त्या घराच्या चतुःसीमा विचारणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे हे यजमान. नोकरी तलाठ्याची. सांगली जिल्ह्यातले पाच-सहा सजे, म्हणजे तलाठ्याच्या ताब्यातले गावांचे गट, फिरून ते निवृत्त झाले आणि माधवनगरला घर बांधून राहिले, पण तलाठीपण काही उतरलं नाही. साताऱ्याला माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याचा तांब्या हातात धरून उंबऱ्यातच उभे राहिले. "पूर्वेला कोण?" मी म्हटलं, डॉक्टर. "पश्चिमेला?" बोळ. दक्षिणेला रस्ता. उत्तरेला मात्र कोण राहतं ते मला सांगता येईना. "आवं गुरुजी, अठरा वर्सं ऱ्हाताय आनि शेजार म्हाईत न्हाई?" असं म्हणून ते मागच्या दाराने जाऊन स्वतः बघून आले आणि मगच पाणी प्यायले.

त्यांची स्मरणशक्ती ही घरादाराच्या अभिमानाची आणि त्रासाची गोष्ट होती. माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखू यायची नाहीत, गट नंबराने यायची. लग्नाच्या पंगतीत कुणी वाकून नमस्कार केला की भाऊसाहेब (गाव त्यांना असंच म्हणायचं, मीही म्हणायचो) क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "दोनशे चौदा, पोटहिस्सा तीन. विहिरीजवळ करंज." तो माणूस खूश होऊन जाई. अक्का म्हणायच्या, "माझं नाव एखाद दिशी इसरतील, पन माझ्या बाच्या हिरीचा नंबर न्हाई इसरायचे." निवृत्तीनंतरही आसपासच्या गावांतून लोक येत. दोन भावांत बांधावरून वाजलं, जुना हद्दीचा दगड सापडेनासा झाला, की भाऊसाहेबांना गाडीत घालून नेत. हे शेतात उभे राहत, चार पावलं चालत आणि काठी टेकवून म्हणत, "हितं खांदा." दगड तिथेच निघे. कोर्टात जाणारी किती भांडणं या काठीने बांधावरच मिटवली याला गणती नाही.

दुसरी त्यांची सवय रुमालाची. तलाठ्याचं दप्तर लाल कापडात बांधलेलं असतं, त्याला रुमाल म्हणतात. नोकरी संपली तरी भाऊसाहेबांच्या घरातली प्रत्येक वस्तू रुमालातच होती. घरपट्टीच्या पावत्या रुमालात, लेकीची पत्रिका रुमालात, आणि दुपारी काढून ठेवलेली दातांची कवळीसुद्धा एका छोट्या लाल फडक्यात. गाठ ठरलेली : डावं टोक वर, दोन वेढे, आणि उजवं टोक आत खोचलेलं. कुणी सोडून पुन्हा बांधली तर त्यांना लांबूनच कळे. "दप्तराला परक्या हाताची गाठ पडली की समजायचं, दप्तर बाटलं." ही गाठ त्यांनी एका दिवाळीत मला शिकवली. घरात ती मारता येणारे आम्ही दोघेच. अक्का शिकल्या नाहीत; त्या सुरळी करून दोरा गुंडाळत आणि बोलणी खात.

अशा माणसाच्या हातात, नव्वद सालाच्या थोडं पुढे, बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या जावयाने परदेशातून आणलेला एक व्हिडिओ गेम ठेवला. तळहातावर मावेल असं करडं यंत्र, वर हिरवट काच, खाली चार बटणं, आणि आत एकच कॅसेट. तळ्याकाठी एक जुना इंग्रजी बंगला, बंगल्याच्या ग्रंथालयात मालक मरून पडलेला, आणि आपण पाहुणा होऊन, खोल्या हिंडून, कपाटं उघडून, चिठ्ठ्या वाचून खुनी शोधायचा. जावई म्हणाला, तासाभराची करमणूक आहे. भाऊसाहेबांनी त्यावर दीड वर्ष काढलं. ते खेळले नाहीत, त्यांनी स्थळपाहणी केली. दोनशे पानी वही घातली आणि प्रत्येक खोलीची नोंद केली : "खोली क्र. ११, स्वयंपाकघर. पूर्वेस भिंत, पश्चिमेस जिना, दक्षिणेस कोठार (कुलूपबंद), उत्तरेस खिडकी, तीतून तळे दिसते. सुरी एक, तीवर डाग." खून कुणी केला हे विचारलं की म्हणत, "आधी वारस किती ते बघा. सात-बारा बघितल्याबिगर खुनाचं बोलायचं न्हाई."

त्या यंत्राच्या काचेला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे ते उन्हात धरूनच खेळावं लागे. गावातल्या कापड मिलचा सकाळचा भोंगा झाला की भाऊसाहेब अंगणात खुर्ची टाकत आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत. दुपारी ते परसात, संडासाच्या भिंतीपाशी पोचलेले असत. सेल उतरले की तुळशीच्या कट्ट्यावर वाळत घालायचे; अक्कांच्या सांडग्यांशेजारी चार सेल हे त्या घरातलं नेहमीचं दृश्य होतं. अडलेल्या इंग्रजी शब्दासाठी मला कार्ड येई, कारण मी हायस्कूलचा मुख्याध्यापक आणि इंग्रजी माझा विषय. "सा. न. वि. वि. मौजे बंगला येथे दुसऱ्या मजल्यावर 'ॲटिक' असा शब्द आढळून आला आहे. तरी खुलासा व्हावा." मी पोटमाळा असं कळवलं, तर उलट टपाली दुसरं कार्ड : "पोटमाळा पाहिला. तेथे मृत्युपत्र मिळाले. आभारी आहे." आणि शेवटी ते कार्ड आलं, जे अजून माझ्याकडे आहे : "सर्व एकतीस खोल्या झाल्या. तळघराचा शेवटचा दरवाजा शिल्लक असून तो आपल्या समक्ष उघडण्याचे योजिले आहे. तरी यावे."

मी गेलो. त्या दिवशी भाऊसाहेब एका गावी हद्द दाखवायला गेले होते, अक्का शेजारी पापड लाटायला. मी एकटाच होतो. कपाटात त्या यंत्राचा रुमाल दिसला. मनात म्हटलं, नुसतं बघू. गाठ सोडली, यंत्र घेऊन अंगणात आलो, बटण दाबलं. काचेवर दोन ओळी आल्या. माझा चष्मा आत पिशवीत होता, आणि इंग्रजीच्या मास्तराला दोन ओळींसाठी चष्मा आणायचा आळस आला. मी वरची ओळ दाबली. यंत्राने काहीतरी विचारलं. मी होय म्हटलं. चष्मा आणून बघतो तर बंगल्याचं फाटक, बाहेर पाहुणा उभा, आणि हातात काही नाही. जुना खेळ पुसून नवा सुरू झाला होता. दीड वर्ष एका बोटाने गेलं. मी यंत्र बंद केलं, रुमालात ठेवलं आणि गाठ मारली. डावं टोक वर, दोन वेढे, उजवं टोक आत. आयुष्यात इतकी चांगली गाठ मी कधी मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी अंघोळ केली, टोपी घातली, मला शेजारी बसवलं. काचेवर फाटक आलं. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं, तरी फाटकच. मग त्यांनी रुमाल उचलून गाठीची घडी बघितली. "गाठ तर माझीच होती, गुरुजी. तुमी तर मला न इचारता हात लावनार न्हाई. म्हंजे हे माझ्याच हातनं झालं. परवा सेल बदललं तवा. आनि मला याद न्हाई." त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "होतं असं, वय झालं की."

हे एक वाक्य मी पाच वर्षं वागवलं. खोटं बोललं म्हणून मी वर्गात किती पोरांचे हात लाल केले होते, आणि इथे माझ्या जिभेने एका शहाण्या माणसाला म्हातारं केलं. भाऊसाहेबांनी यंत्र कपाटात टाकलं, पण गोष्ट तिथे थांबली नाही. हद्दीसाठी लोक आले की ते हात जोडत : "माझा भरवसा धरू नका. मला याद ऱ्हात न्हाई." काठी कोपऱ्यात गेली. पंगतीत कुणी नमस्कार केला की नंबर ओठांवर येई, पण ते गिळत. दर दिवाळीत सांगायचं ठरवून मी साताऱ्याहून एसटीत बसे आणि कराड मागे पडेपर्यंत माझा धीर सुटलेला असे. शेवटी एकदा अक्का मला परसात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्येंनी सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी ठिवलीया. नाव आन पत्ता. वाट चुकलो तर कुनीतरी आणून सोडंल म्हनत्यात." मी तसाच पुढच्या दारी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

माझं झाल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "गाठ?"

"मीच मारली."

"उजवं टोक आत?"

"आत."

त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. "आगं ए! भाईर ये! आगं मी इसरलो न्हवतो! मी काय बी इसरलो न्हवतो!" असे ओरडले की अक्का हातातल्या चिमट्यासकट धावत आल्या. मग वही निघाली, शेवटचं कोरं पान निघालं, आणि रीतसर जबाब सुरू झाला. "समक्ष विचारलेवरून लिहून देतो की..." मी सांगत होतो, ते लिहीत होते. पंच म्हणून अक्कांना उभं केलं. "चहा उतू चाललाय," त्या म्हणाल्या. "जाऊ दे उतू. सही कर." खाली माझी सही झाली, तेव्हा पाच वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास आला. राग आला तो चहा पिऊन झाल्यावर, आणि तोही एवढाच : "पाच वर्सं, गुरुजी." त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून माझ्या खिशात कोंबली. "ही आता तुमी ठिवा. चष्म्याबिगर हिंडताय. तुमाला गरज हाय."

दुसऱ्या दिवशी सेल आणले, अंगणात खुर्च्या टाकल्या आणि पुन्हा फाटकापासून सुरुवात केली. वही त्यांनी माझ्या हातात दिली. "तुमी ताडून बगा. मी याद करून जातो." आणि तो माणूस पाच वर्षांनी त्या बंगल्यात स्वतःच्या परसात हिंडावं तसा हिंडला. दिवाणखाना, उत्तरेस जिना. जिन्याखाली कपाट, आत कंदील. सुरी, डाग, किल्ली, पोटमाळा, मृत्युपत्र. खुर्च्या तुळशीपासून परसापर्यंत सरकल्या. अठ्ठाविसाव्या खोलीत ते डावीकडे वळले. वहीत उजवीकडे होतं. मी गप्प बसलो असतो तर त्यांना कळलंही नसतं, आणि माझी जुनी सवय क्षणभर जिभेवर आलीसुद्धा. पण मी म्हटलं, "भाऊसाहेब, चुकलं. उजवीकडे."

ते थांबले. वहीत बघितलं. आणि काय त्यांचा चेहरा उजळला! "व्हय की! चुकलंच. आना ती वही, गुरुजी, मीच लिवतो. ही चूक माझी हाय. ही माझ्या नावावर लावायची."

तळघराचा दरवाजा आम्ही उन्हं कलायच्या आत उघडला. खुनी निघाला धाकटा पुतण्या, म्हणजे वारसच, आणि "मी सांगत हुतो!" असं भाऊसाहेब पुढं आठ दिवस साऱ्या माधवनगरला ऐकवत होते. त्याच महिन्यात काठी पुन्हा बांधावर गेली आणि पुढं पुष्कळ वर्षं जात राहिली. आता ते नाहीत. अक्कांनी तो रुमाल माझ्याकडे पाठवला. यंत्र चालत नाही, वही आहे. शेवटच्या पानावर माझी सही आणि तिच्याखाली त्यांच्या तलाठी अक्षरात एक नोंद : "खोली क्र. २८. चूक एक. स्वतःची." ती वाचली की मी वही मिटतो आणि रुमाल बांधतो. गाठ अजून त्यांचीच पडते.