तारोबाची घंटा

ज्या काळात कापसाने वऱ्हाडाला वेड लावलं होतं, त्याच काळात माझ्यावर चोरीचा आळ आला. तोही मोरचुदाच्या चोरीचा. सोन्याचा आला असता तर निदान चारचौघांत सांगायला बरं वाटलं असतं.

मी अमरावतीच्या तारघरात बाबू होतो आणि नोकरी अजून कच्ची होती. मुंबईचा कापसाचा भाव तारेवरून यायचा, म्हणून दलाल दिवसभर आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसायचे. मी नुसता शिंकलो तरी ते भाव काय म्हणून विचारायचे.

तारेला बळ मिळायचं आतल्या खोलीतल्या मातीच्या बरण्यांतून. बरणीत मोरचुदाचं निळं पाणी, तांबं आणि जस्त, हीच आमची बॅटरी. एकदा अकोल्याचा बाबू कुरकुरू लागला की तुमचं बोलणं फार क्षीण येतं. त्याच सुमारास मोरचूदही दुप्पट लागू लागला. तारघराच्या गोऱ्या साहेबाने तिथल्या तिथे निकाल लावला. कापसाच्या गाड्या ओढून बैलांचे खूर सडले होते आणि सडक्या खुरांना मोरचूद लावतात, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. म्हणजे मी मोरचूद गाडीवानांना विकतो, बरण्यांत नुसतं पाणी ओततो, म्हणून तार अशक्त! खुलासा कर, नाहीतर कोतवालीत चल, असं त्याने बजावलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरमिरीत मी प्रवाह मोजायचं काट्याचं यंत्र तारेला जोडलं. बरण्या खरंच अशक्त असत्या तर काटा मलूल पडला असता. हा पठ्ठ्या नेहमीच्या दुप्पट प्रवाह दाखवत होता.

आता पोरं व्होल्ट, अँपिअर म्हणतात, आम्ही जोर आणि प्रवाह म्हणायचो. जोराला प्रवाहाने भागलं की तारेचा अडथळा निघतो. बरण्या तेवढ्याच, म्हणजे जोर तोच. प्रवाह दुप्पट, म्हणजे अडथळा निम्मा. आणि तार जितकी लांब तितका तिचा अडथळा जास्त. तो निम्मा झाला याचा अर्थ बहुतेक प्रवाह अकोल्याला पोचतच नव्हता, अर्ध्या वाटेवर जमिनीत उतरून परत येत होता. मग जोराला प्रवाहाने गुणलं. त्यातून खर्ची पडणारी शक्ती निघाली, तीही दुप्पट. मोरचूद कुठे जातो ते उघड झालं. चोर निम्म्या वाटेवर, मूर्तिजापूरच्या आसपास जमिनीत बसला होता.

साहेबाने गणित वाचलं आणि म्हणाला, "गणित तुझं, काटाही तूच वाचलास. जा, चोर दाखव."

मूर्तिजापूरच्या अलीकडेच माझं गाव, त्यामुळे जेवणाची सोय झाली म्हणून मला आनंदच झाला. तारांची दुरुस्ती करणाऱ्या एका खलाशाला बरोबर घेऊन मी तारेखालून शोधत निघालो आणि गावाच्या शिवेवर येऊन थबकलो. तारेच्या खांबाला शेंदूर फासलेला, बुडाशी नारळाच्या करवंट्या आणि रोजच्या पाण्याने झालेला चिखल. वर तारेवरून टाकलेली लोखंडी साखळी थेट त्या चिखलात उतरलेली, आणि साखळीत ही मोठी पितळी घंटा!

"हा तारोबा," एका म्हाताऱ्याने मला कौतुकाने सांगितलं. "तुह्याच मायनं घंटा वाह्यली. तुही नोकरी पक्की व्हावी म्हून."

घरी जाऊन मी आईवर ओरडलो, "खांबाला बांधायची होतीस ना! तारेवर कशाला?"

"खांब त लाकडाचा हाये," ती शांतपणे म्हणाली. "देव तारेत गुनगुनून राह्यला. त्याले आयकू नोको जाय?"

मी साखळी काढली, घंटा खांबाला बांधली आणि परतलो. काटा जागेवर आला, अकोला खणखणीत बोलू लागलं. पण साहेबाचं समाधान होईना. साखळी टाकली कुणी? कशावरून मीच टाकली नाही? सरकारी तारेला हात लावणाऱ्याला तुरुंग होता. आईचं नाव घेण्यापेक्षा मी चोर ठरणं परवडलं असतं, म्हणून मी तोंड मिटून उभा राहिलो.

खलाशाने मात्र तारेच्या पुढच्या फेरीत गावात सगळं सांगितलं. आई कापसाच्या गाडीवर बसून अमरावतीला आली ती थेट साहेबाच्या टेबलापुढे.

"साखळी म्या टाकली. मले धरा. काहून रे, तुह्या डोक्शात भुसा हाये काय, माह्या पोरावर आळ घेतं?"

दुभाषी अर्थातच मी. "साहेब, ही माझी आई. आपल्या तब्येतीची चौकशी करतेय. साखळी तिनेच टाकली म्हणतेय." मग नवसाची हकिगत सांगावीच लागली. देव तारेत गुणगुणतो हे ऐकताना साहेबाच्या मिशा हलू लागल्या आणि शेवटी त्याला हसू आवरेना.

"या उन्हातून माझी बदली व्हावी म्हणून हिला एक घंटा बांधायला सांग," तो म्हणाला. "पण लोखंडाची साखळी नको."

मी आईला सांगितलं. तिला हसू आलं नाही.

"बांधतो. पन पयले माह्या पोराले चोर म्हनलं थे वापस घ्याले सांग त्याले."

आतापर्यंत मी तिचं बोलणं गुळात घोळून देत होतो. हे वाक्य मात्र एक अक्षर न गाळता दिलं. साहेबाचं हसणं थांबलं. तो उठला, टेबलाला वळसा घालून आईसमोर उभा राहिला आणि त्याला येत होतं तेवढ्या मोडक्या मराठीत त्याने माफी मागितली.

आईला त्यातलं काही कळलं नाही. "काय म्हनते तो?" तिने मला विचारलं. मी साहेबाचा शब्दन् शब्द तिला सांगितला, या वेळी गुळात काही घोळावं लागलं नाही.