फाटकावरचा कॅमेरा
काल चष्मा पुसताना कापडावर राखाडी धूळ आली आणि मला मी शिकवायचे ती ऊर्जानगरची मुलींची शाळा आठवली. वीज केंद्राची राख तिथे सगळ्यावर बसायची, म्हणून फाटकावर नवीनच लावलेला कॅमेरा आमच्या शिपाईमावशी रोज सकाळी स्टुलावर चढून पदराने पुसायच्या. ऑफिसातल्या टीव्हीवर आधी नुसता पदर फिरायचा, मग एकदम त्यांचा मोठा डोळा यायचा. "दिसून राह्यलं का, बाई?" त्या बाहेरून ओरडायच्या. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी ऑफिसात गेले, तर मावशी टीव्हीसमोर उभ्या होत्या. पडद्यावर रिकामं फाटक होतं. "मुली गेल्या ना मावशी, आता काय पाहता?" त्यांनी मान वळवली नाही. "कोणती पोरगी कोन्या बाजूले वळली, ते पाहून ठेवलं. माही पोरगी गावच्या शाळेतून निघाली, तवा पाह्याले कोणीच नोतं. दोन्ही रस्ते धुंडले, बाई. अजून नाई भेटली." आजही कुठल्या शाळेच्या कॅमेऱ्याखालून जाताना पलीकडे तोच डोळा आहे असं वाटतं, आणि मी कोणत्या बाजूला वळते ते त्यांना नीट दिसावं म्हणून मी सावकाश चालते.