मोठ्यानं वाचलेला बायोडाटा

वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटा टाइप करून देणारे एक गृहस्थ बसतात. प्रत्येक ओळ ते दुकानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचतात. जे चारचौघांत वाचवत नाही ते कागदावर ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम.

ज्या कृषी केंद्राच्या काउंटरवर मी बावीस वर्षं उभा होतो, ते मालकानं बंद केलं. पन्नाशीत नोकरी शोधायची, म्हणून मुलीकडून भारी भारी शब्द लिहून आणले होते.

"नेतृत्वगुण!" गृहस्थ गरजले. "भाऊ, घरी कोन आयकते तुमचं?"

झेरॉक्ससाठी बाकावर बसलेली मंडळी हसली. मीही हसलो. ओळ गेली.

"संगणकाचं ज्ञान! मंग मी काहून टाइप करून राह्यलो?"

तीही गेली. पानावर माझं नाव आणि बावीस वर्षं, एवढंच उरलं.

तेवढ्यात बाकावरच्या एक आजी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "मी सोयाबीन घ्याले गेली, तं यायनं सांगतलं, 'हे बियाणं उगवत नाही बाई, नेऊ नोको.'"

गृहस्थांनी मला न विचारता टाइप केलं आणि वाचलं, "खराब बियाणं गिऱ्हाइकाला नेऊ देत नाही."

"अहो, अर्ज दुसऱ्या कृषी केंद्रातच करून राह्यलो! हे वाचून कोनता मालक ठेवीन मले?"

त्यांनी बोट खोडायच्या बटणावर ठेवलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "खोडू?"

आजींसकट अख्खा बाक माझ्याकडे बघत होता.

"राहू द्या," मी म्हणालो. एवढ्या लोकांदेखत प्रामाणिक राहण्यावाचून इलाजच नव्हता.