वहिनीची चारशे मशिनं

आमची वहिनी लग्न होऊन घरात आली, त्याच आठवड्यात आईने तिला विचारलं, "तू ऑफिसात नक्की करतेस तरी काय गं?"

"मशिनं सांभाळते."

"किती?"

"चारशेच्या आसपास आहेत."

आईने कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "एवढी ठेवता कुठे?"

"ठेवावी लागत नाहीत. खरं मशीन एकच, कपाटाएवढं. त्याच्या पोटात ही चारशे, भासापुरती. पण त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत आणि सगळं कपाट आपलंच आहे."

आई विचारात पडली. "म्हणजे एका घरात चारशे सुना, आणि प्रत्येकीला वाटतं स्वयंपाकघर आपल्या एकटीचं."

"अगदी तसंच."

"भांडत नाहीत?"

"भांडू नयेत म्हणून तर मला पगार देतात."

त्या दिवसापासून आईने वहिनीला एका शब्दाने कधी दुखावलं नाही.

वहिनीचं ऑफिस शहराच्या पाण्याची बिलं काढायचं. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीची आणि इतकी गार की भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायची. नवा माणूस कामाला लागला की त्याला एक मशीन काढून द्यायचं, कपाटातली थोडी जागा त्याच्या नावावर करायची, कुणी हावरटपणा करून सगळी ताकद ओढायला लागलं तर त्याला आवरायचं, निजलेल्याला उठवायचं. घरी आली की शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तशी बोलायची. "आज हिशेबवालं दुपारपर्यंत फुगून बसलं होतं." "छपाईवालं हाक मारली तरी ओ देईना."

या मशिनांचं वळण जुनं होतं. कागदी कार्डांना भोकं पाडून कारभार चालायचा, त्या काळातली रीत त्यांनी सोडली नव्हती. त्यामुळे प्रत्येकाला जन्मतःच तीन उपकरणं मिळायची. कार्ड वाचणारा रीडर, कार्डाला भोकं पाडणारा पंच आणि एक प्रिंटर. तीही भासापुरतीच. हिशेबवाल्याने पंचावर कार्डं टोचली की ती छपाईवाल्याच्या रीडरात जाऊन पडायची. कार्ड नाही, भोक नाही, पण निरोप बिनचूक पोचायचा, आणि शहराला बिलं मिळायची.

हे असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस ऑफिसातल्या सामानाची मोजदाद करायला एक अधिकारी आला.

माणूस सडपातळ, बोलायला गोड. खिशात नंबरांच्या चिकटपट्ट्यांचं भेंडोळं. खुर्च्या, पंखे, पाण्याची पिंपं असं एकेक करत तो वहिनीच्या खोलीत पोचला. तिच्या पडद्यावर प्रत्येक मशीनपुढे रीडर, पंच, प्रिंटर असं लिहिलेलं बघून त्याचा हात थबकला.

"बाई, तुमच्याकडे चारशे प्रिंटर आहेत?"

वहिनीने त्याला बसवून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. तिला वाटलं होतं, याच्या डोक्यावरून जाईल. पण त्याने तासभर नेमके प्रश्न विचारले आणि त्याला अगदी खरंच समजलं.

"म्हणजे ही उपकरणं नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत."

"पण नोंदलेली आहेत आणि काम करतात."

"करतात."

"मग झालं तर. काम करते ती मालमत्ता, आणि मालमत्तेला जागा लागते. ही बाराशे उपकरणं नेमकी कुठे नाहीत, तेवढी जागा मला दाखवा. मी पट्ट्या लावतो आणि जातो."

वहिनीने हात फिरवून खोली दाखवली. "इथे नाहीत."

त्याने खोलीवर नजर टाकली आणि हळहळला. "इथे बाराशे वस्तू नसायला जागा पुरणार नाही हो. फार दाटी होईल. उद्या आग लागली तर माणसं बाहेर कशी पडतील?"

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती आणि कशालाही हो म्हणून वेळेवर घरी जायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. तळमजल्यावरचं जुनं बिलं भरायचं दालन त्यांनी मोकळं करून दिलं. पेंटर बोलावला. त्याने जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकोन आखले, रीडरला लहान, पंचाला मध्यम, प्रिंटरला मोठा. अधिकाऱ्याने गुडघ्यांवर रांगत चौकोनाचौकोनात पट्टी लावली, घाम पुसला, वहिनीचे मनापासून आभार मानले आणि जाताना शेरा लिहिला, "मालमत्ता मौल्यवान. राखणदार नेमावा."

मी तेव्हा घरीच होतो. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बसलं होतं आणि दादाच्या चष्म्याच्या दुकानात लुडबुड करून त्याचं डोकं खात होतो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, नोकरी आहे. बसायचं काम."

"काय राखायचं?"

"आधी बसा तर खरं. मग सांगते."

दादा म्हणाला, "तिथे काही दिसलं नाही तर दुकानावर ये. नंबर काढून देतो."

पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी वसुली खात्यातला एक कारकून दालन ओलांडून सरळ निघाला, वाटेत खाली बसला आणि त्याने आपला डबा उघडला. माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे, पण मी ओरडलो, "अहो, पंचावर काय बसताय!"

तो ताडकन उठला. "माफ करा, लक्षात नाही आलं," म्हणाला, आणि चौकोनांच्या मधल्या पायवाटेने चोरासारखा निघून गेला. तेव्हापासून माझा जम बसला. झाडणारी बाई चौकोनांच्या कडेकडेने झाडू लागली. लोक वळसा घालून जाऊ लागले.

वहिनीची मात्र पंचाईत झाली. पूर्वी नवं मशीन काढायला तिला चहा गार होण्याएवढाही वेळ लागत नसे. आता आधी तीन चौकोन हवेत. म्हणजे पेंटर हवा, पेंटरला साहेबांची सही हवी, आणि रंग वाळायला हवा. नवा माणूस दारात उभा राहून विचारायचा, "ताई, माझं मशीन झालं?" आणि ती उत्तर द्यायची, "अजून ओलं आहे."

दुपारी ती खाली यायची, स्वेटरच्या बाह्या वर सारून दालनाच्या दारात उभी राहायची. आधी चिडायची. मग चिडायची बंद झाली. एकदा बराच वेळ उभी राहून ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? हसू नका. मला आता दिसायला लागलेत."

"काय?"

"प्रिंटर. तिसऱ्या रांगेतला तो कोपऱ्यातला जरा वाकडा आहे."

मी हसलो नाही. गेलो, वाकलो, दोन्ही हातांनी तो सरळ केला. "आता?"

"आता बरोबर," ती म्हणाली आणि डोळे पुसत वर गेली. ती हसत होती की रडत होती, ते मला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतर विचारायचा धीरही झाला नाही. रात्री जेवताना आईने तिच्या ताटात न विचारता जास्तीचं वाढलं.

पुढच्या वर्षी मोजदादीला दुसरी अधिकारी आली. जाड भिंगांचा चष्मा, चपलांचा आवाज खणखणीत. दालन बघून तिने मला शाबासकी दिली. "काय स्वच्छ ठेवलंय! एकाही यंत्रावर बोटाचा ठसा नाही." आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली. "याचा अर्थ वर्षभर यांना कुणी हातच लावलेला नाही. मग ही वापरात नाहीत. पडून असलेलं सामान भंगारात काढायचं, असा नियम आहे."

वहिनी धावत खाली आली. "अहो, रोज वापरात आहेत ती! शहराची सगळी बिलं त्यांच्यावरून जातात!"

"दाखवा एखादं चालू करून."

वहिनीने रिकाम्या चौकोनांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

लिलाव झाला. बोली लावायला एकच भंगारवाला आला होता. वयस्कर, धिप्पाड, हातांच्या रेषांत वंगण मुरलेलं. माल बघितल्यावर तो थोडा वेळ कान खाजवत उभा राहिला, पण पावती फाटली होती आणि टेम्पो दारात उभा होता.

माल उचलून न्यायची त्याला काही हौस नव्हती, पण फाटकावरचा शिपाई हटून बसला. "पावतीवर बाराशे नग आहेत. बाराशे नग माझ्या डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय टेम्पो सोडणार नाही."

मग हमाल कामाला लागले. रीडर काखेत मारून, पंच एकट्याने पोटाशी धरून, प्रिंटर दोघांनी दोन बाजूंनी. पहिल्या फेरीला ते लाजत होते. दहाव्या फेरीला एकमेकांना "जपून, जपून, पायरी आहे" म्हणू लागले. शिपाई मोजत होता आणि मी चौकोन रिकामा झाला की त्यावरची पट्टी खरवडत होतो. संध्याकाळच्या सुमाराला एका हमालाची पाठ धरली. प्रिंटर एकट्याने उचलायला गेला होता. बाकीच्यांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या.

टेम्पो गेल्यावर साहेबांनी वहिनीला बोलावलं. "बाई, सामान विकलं गेलं. आता ते तुमच्या मशिनांना जोडलेलं राहिलं, तर दुसऱ्याचा माल वापरल्यासारखं होईल. सोडवा."

"साहेब, मशिनं मुकी होतील."

"सोडवा," साहेब म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

वहिनी वर गेली आणि एकेका मशीनचा रीडर, पंच, प्रिंटर तिने स्वतःच्या हाताने सोडवला. हिशेबवालं हिशेब करून बसलं, पण तो द्यायचा कुणाला? छपाईवालं रिकाम्या हाताने वाट बघत राहिलं. चारशे मशिनं जागी होती आणि कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. बिलं थांबली.

गंमत म्हणजे शहरात कुणीही तक्रार केली नाही. बिल का आलं नाही म्हणून विचारायला कोण जातो? महिना गेला तेव्हा वरच्यांच्या लक्षात आलं की शहर फुकट पाणी पितंय, आणि मग एकच धावपळ उडाली. साहेबांनी वहिनीला सांगितलं, "जा, कसंही करून परत आणा."

वहिनी मला बरोबर घेऊन भंगारवाल्याकडे गेली. पत्र्याचं कुंपण, आत गंजलेल्या सायकली, फुटक्या मोटारी, तारांचे गुंते. त्याने आम्हाला बाकावर बसवलं, चहा मागवला.

"मालाची काळजी करू नका. सुखरूप आहे," तो म्हणाला आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. एवढ्या पसाऱ्यात एक कोपरा त्याने मोकळा केला होता आणि वर ताडपत्री ताणली होती. ती उचलून त्याने दाखवलं. खाली स्वच्छ झाडलेली, कोरडी जमीन.

"ताडपत्री कशाला?" वहिनीने विचारलं.

"पाऊस लागला तर पंच गंजतील, असं आपलं मला वाटलं." तो जरा ओशाळला. "हमालांनी एवढ्या जपून आणलेला माल. त्यातल्या एकाची तर पाठ गेली."

वहिनीने सगळी हकीकत सांगितली. "तुम्ही काही हलवू नका. इथेच राहू द्या. फक्त आम्हाला वापरायची परवानगी द्या."

भंगारवाल्याने ताडपत्री पुन्हा खाली सोडली. "बाई, जन्मभर मी लोकांनी टाकलेल्या मशिनांचे तुकडे केले. माझं म्हणून एक आख्खं, चालू मशीन काही झालं नाही. तुमच्याकडे चारशे आहेत म्हणता. एक मला द्या, आणि वापरा काय वापरायचं ते."

"त्यावर काय करणार तुम्ही?"

"तुमची चारशे सगळी काय करतात?"

वहिनीला हसू फुटलं. "खरं सांगायचं तर निम्मी झोपलेलीच असतात."

"मग माझं एक त्यांच्यात खपून जाईल."

त्याच दिवशी वहिनीने वर जाऊन सगळी उपकरणं पुन्हा जोडली. हिशेबवाल्याने महिनाभराची कार्डं एका दमात टोचली, आणि शहराच्या दारोदारी दोन-दोन बिलं गेली. तक्रारींना मात्र लगेच सुरुवात झाली. भंगारवाल्यासाठी तिने नवं मशीन काढलं. पेंटर लागला नाही, कारण उपकरणं आता ऑफिसची नव्हतीच. पुढे मोजदादीला आलेल्या माणसाने "परक्याचा माल, मोजू नये" एवढं लिहिलं आणि तो निघून गेला. मी मात्र भंगारवाल्याकडे कामाला लागलो. ताडपत्रीखालची जागा झाडतो आणि वेळ मिळेल तशी भंगारात आलेली घड्याळं चालू करतो.

भंगारवाला दर मंगळवारी जेवण झालं की हात साबणाने धुऊन वहिनीच्या गार खोलीत जातो. जाताना सोबत जुना कोट नेतो. वहिनीने शिकवल्याप्रमाणे एकेक अक्षर शोधून आपलं नाव दाबतो, आणि पडद्यावर एकच शब्द येतो, "तयार".

पहिल्या खेपेला त्याने त्याखाली लिहिलं, "काय, बरं आहे ना?"

मशीन म्हणालं, "ही आज्ञा माहीत नाही."

"नसू दे, नसू दे," तो पडद्याला म्हणाला.

वहिनी त्याला विचारते, "काही करून देऊ का?"

"नको. चालू आहे एवढं बघायला आलो." थोडा वेळ तो तसाच बसतो, कोटाची बटणं लावत. मग उठतो, खुर्ची आत सरकवतो, आणि वहिनी जाऊन दार उघडते, कारण त्या खोलीचं दार फार जड आहे.