घासणीबाईचं स्वतःचं डोकं

हॉस्पिटलात तिला सगळे घासणीबाई म्हणत. तोंडावर नाही हं, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती! मेंदूचा आलेख काढायच्या खोलीत ती तंत्रज्ञ होती, आणि वायर लावण्याआधी डोकं असं घासायची की भले भले बाप्ये "आई गं" म्हणत. केसांत भांग पाडायची, कापसाच्या काडीवर खरखरीत जेल घ्यायची, तेल, घाम, मेलेली कातडी सगळं खरवडून काढायची आणि मग वायरीच्या टोकाची पेस्ट भरलेली इवलीशी वाटी त्या जागी दाबून बसवायची. पडद्यावरचा अडथळ्याचा आकडा पाचाच्या खाली उतरल्याशिवाय बाई पुढच्या जागेला हात लावत नसे. "मेंदू बोलतो फार हळू," ती दरडावायची. "मधे मळ असला तर ऐकू काय येणार, कपाळ?"

अशी ही बाई एका सकाळी जिन्यापाशी कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शुद्ध आली तेव्हा समोर साहेबांचे बूट. साहेब म्हणजे विभागाचा कारभार बघणारे. "तपासणी करून घ्या," ते म्हणाले. "फिटचा आजार निघाला तर पेशंटजवळ ठेवता येणार नाही. तळघरात फायली लावायचं काम आहे, ते बघा."

तळघर! अर्धं आयुष्य डोकी घासण्यात गेलं, आता काय फायलींवरची धूळ घासायची? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी नवरा म्हणाला, "एकदाच झालंय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. आलेख साधा येऊ दे, म्हणजे मिटलं."

दुसऱ्या दिवशी ती आपल्याच खोलीतल्या खाटेवर आडवी झाली. वायर लावायला धाकटी होती, बाईनंच हाताखाली तयार केलेली नवी तंत्रज्ञ. एरवी तिचा हात चांगला. पण आज समोर डोकं कुणाचं, तर बाईंचं! ती काडी अशी फिरवायला लागली की जणू तान्ह्या बाळाचं अंग पुसतेय. आकडे वर राहिले, तिनं डोळेझाक केली. व्हायचं तेच झालं. पडद्यावर पायपुसण्यासारखी दाट, काळी खरखर उमटली.

डॉक्टर आले. बाईबरोबर काम करता करता केस पिकलेला माणूस. पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "यात काही पकडता येत नाही. 'दोष आढळला नाही' असं लिहून टाकतो. उद्यापासून या कामावर."

बाईचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच. मग तिनं मान वळवून पडदा पाहिला, आणि तिचं डोकंच फिरलं.

"हा माझ्या खोलीतला आलेख? दुसऱ्या कुणाचा असता तर मी पुसून टाकला असता!"

"असू द्या ना, बाई," धाकटी कुजबुजली.

"असू द्या काय? उद्या एखाद्या पोराचं डोकं हातात असताना मी पडले म्हणजे? कुणाची दया नको मला. काढ सगळ्या वायर आणि नीट घास. मी काय काचेची आहे?"

धाकटी रडत रडत घासायला लागली. टाळूची आग आग झाली. बाई दात खाऊन म्हणत राहिली, "अजून. अजून." एकेक आकडा खाली आला. खरखर गेली, रेघा स्वच्छ वाहू लागल्या, आणि त्या स्वच्छ रेघांत डाव्या कानशिलाच्या जागी फिटची टोकं उभी राहिली. अणकुचीदार, पुन्हा पुन्हा. हो, भीती वाटली बाईला, का नाही वाटणार?

"आहे," ती म्हणाली. "आता कसं लख्ख दिसतंय."

दारात येऊन उभे राहिलेले साहेब म्हणाले, "म्हणजे तळघर."

"नाही." ती उठून बसली, डोक्यावर वायरींचा झुपका तसाच. "आजार झालाय मला, चोरी नाही केली. गोळ्या घेईन. एकटीला ठेवायचं नसेल तर धाकटी शेजारी उभी राहील. पण डोकी मीच घासणार. खाली न्यायचंच असेल तर उचलून न्या!"

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "दोघी मिळून करत असतील तर माझी हरकत नाही. तसं लिहून देतो." साहेब "बघू, बघू" करत निघून गेले.

बाहेर पुढची पेशंट ताटकळली होती, शिवणकामाच्या कारखान्यातली एक पोरगी. ती आत आली. खाटेवर बसल्या बसल्या तिनं घाबरत विचारलं, "मावशी, यात आजार निघाला तर मला कामावरून काढतील?"

घासणीबाईच्या केसांत पेस्ट अजून ओली होती. तिनं काडीवर जेल घेतलं.

"काढायला बघतात," ती म्हणाली. "आपण निघायचं नाही. चल, डोकं पुढं कर."