बाबांचं न सापडलेलं वचन

आमच्या घरात शास्त्र, म्हणजे बायबल, फळीवर असायचं, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं. त्याच्यावर काही ठेवायचं नाही, ते भुईला टेकवायचं नाही, पिठाचा हात लावायचा नाही. देवाचा शब्द आहे तो, असं बाबा म्हणायचे. आम्ही बहिणी त्या फळीकडं पाय करूनसुद्धा झोपायचो नाही. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन ते खाली घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि चिमणीच्या उजेडात वाचायचे. वाडीत आमची चारच ख्रिस्ती घरं. चर्चचे पाळक जुन्नरहून महिन्यातून एकदा यायचे, सायकलवर. बाकीच्या रविवारी चारी घरं आमच्या ओट्यावर जमायची आणि बाबाच वाचायचे.

वचनं पुष्कळ, पण त्यातलं एक माझं. आई दिवसभर लोकांच्या वावरात कांदे काढायची, पाट्या वाहायची. ती येऊन दारात टेकली की बाबा पान उघडायचे आणि वाचायचे. देव त्या बाईला म्हणाला, "बाई, तू दमलीस. पाटी खाली ठेव, मी हाय हितं."

आई पदरानं तोंड पुसायची, एवढंच. मला वाटायचं, देवाचा आवाज असाच असणार, बाबांसारखा, जरासा घोगरा.

शाळेत मी गेले नाही, धाकट्या बहिणी सांभाळायच्या होत्या. लग्न होऊन आंबेगाव तालुक्यात आले. लेक शाळेत जायला लागली, तेव्हा तिच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी चुलीपुढं राखेत अक्षरं गिरवली. लेक हसायची, म्हणायची, आई, तुझ्या 'क'चं पोट सुटलंय. हसू दे. सांगायचं म्हणजे, मला दुसरं काही वाचायचंच नव्हतं. ते एक वचन माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बाबा गेले आणि शास्त्र माझ्याकडं आलं. पहिल्या पानापासून बोट ठेवून सुरुवात केली. हरवलेलं मेंढरू सापडलं, वादळातली होडी सापडली. विहिरीवरची बाई आली तेव्हा वाटलं, हीच ती. पण तिच्याकडं तो पाणी मागतो, पाटी ठेव म्हणत नाही. करता करता शेवटचं पान आलं. वाटलं, आपलंच वाचणं कच्चं, एखादी ओळ निसटली असणार. परत पहिल्यापासून. दोनदा झालं, तीनदा झालं, केस पांढरे झाले.

मागच्या हिवाळ्यात आमच्या नव्या पाळकांना विचारलं. तरुण आहेत, सगळं शास्त्र त्यांच्या मोबाईलमध्ये. बाई, पाटी, दमलीस, सगळं घालून बघितलं त्यांनी. शेवटी हळूच म्हणाले, मावशी, असं वचन नाही. त्याच्या जवळपास जाणारी दोन-तीन काढून दिली. चांगली होती. पण त्यात ते नव्हतं.

मग मी कळंबला गेले. बाबांची धाकटी बहीण तिथं असते. आत्या आता थकलीय, ऐकू कमी येतं, पण तोंड शाबूत आहे. मी तिच्या कानाशी ते वचन म्हणून दाखवलं. ती सुपारी कातरत होती, ती थांबली.

"अगं, दादाला कुठं वाचता येत व्हतं?"

मी म्हटलं, रोज वाचायचे की, चारी घरं ऐकायची.

"पाळक वाचायचे ते ध्यानात ठिवायचा. ध्यान लई त्याचं. पन अक्षर न्हाई. ओतूरला जायचं म्हून मंचरला भलत्याच, भीमाशंकरच्या गाडीत बसला व्हता. घोडेगावात उतरिवला कंडक्टरनं. आन तू म्हनती वाचायचा."

हसायला लागली ती, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "तुझी आई लई राबली, पोरी. तिच्यासाठीच आसंल ते."

आईला हे ठाऊक होतं का, असं विचारलं. आत्या म्हणाली, बायकोला काय ठाऊक नसतं?

घरी येऊन शास्त्र खाली घेतलं. एका पानाचा कोपरा अंगठ्यानं काळा झालाय, शिवण तिथं सैल झालीय, पुस्तक आपसूक तिथंच उघडतं. इतकी वर्षं मी ते पान बघत होते आणि पुढं जात होते, कारण तिथं नुसती नावं आहेत. ह्याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा. बाबा रोज तेच पान धरायचे.

रागही आला, खोटं कशाला सांगू. शास्त्राला पिठाचा हात लागू न देणारा माणूस, आणि त्यात आपलं वाक्य घालतो? मग पेन घेऊन बसले. कडेला जागा कोरी आहे, माझ्या पोट सुटलेल्या अक्षरात मावलं असतं. हात काही पुढं गेला नाही. देवाच्या लिहिण्यात आपली भर घालायची नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. आणि बाबांनी तरी कुठं लिहिलं होतं? ते नुसतं बोलले. कधी वाटतं, त्यांनी ते खरंच ऐकलं असेल, कुठंतरी बांधावर, एकट्यानं. आता विचारू कुणाला.

हल्ली संध्याकाळी मी हातपाय धुते, शास्त्र कपाळाला लावते आणि तेच पान उघडते. घरात एकटीच असते, म्हणून मोठ्यानं वाचते. अवघड नावं आहेत, जीभ अडखळते. शेवटचं नाव झालं की हात मांडीवर मोकळे सोडते आणि थांबते. शेजारच्या वावरात विहिरीवरची मोटर चालू असते, तिच्यापुढं काही ऐकू येत नाही. मग लाईट जाते, मोटर बंद पडते. मी अजून थोडं थांबते.